पंडुमच्या आधीची चारोळी

आमच्या गल्लीत नवीन राहायला आलेल्या बाईंनी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला विचारलं, "तुमचे मिस्टर कुठी नोकरीले आहेत?" सुनंदा म्हणाली, "नोकरी नाई बाई. दिवसभर मोबाईल पाह्यते, अन् दुसऱ्याइले सांगते का तुमी बी पाहा." मी आत बसून ऐकत होतो. राग आला, उठून दुरुस्त करावं असंही वाटलं. पण दुरुस्त करायचं म्हणजे नेमकं काय सांगायचं, ते सुचेना. मग बसूनच राहिलो.

मी मूळचा फोटोवाला. मूल गावात बसस्टँडच्या मागं माझा स्टुडिओ होता. पासपोर्टचे, लग्नाचे, शाळेच्या गॅदरिंगचे फोटो. लोकांच्या हातात मोबाईल आले आणि जो तो स्वतःचेच फोटो काढायला लागला. मी कॅमेरा गुंडाळून ठेवला आणि त्याच खोलीत इंटरनेटचं दुकान टाकलं. सातबारा, परीक्षेचे फॉर्म, रेल्वेचं रिझर्वेशन. तेही मोबाईलवर गेलं. आता काय करावं म्हणून हात चोळत बसलो होतो, तेव्हा एकेक माणूस यायला लागला. "भाऊ, मले आपला माल ऑनलाइन विकाचा आहे. तुमाले फोटू काढता येते, फारम भरता येते. तुमीच करून द्या ना." एवढ्या भांडवलावर मी मार्केटिंगवाला झालो. दहाएक वर्षं झाली. अजूनही कोणी "मार्केटिंगवाले" म्हणून हाक मारली की मी मागं वळून बघतो, दुसरं कोणी उभं आहे का म्हणून.

बाहेरच्यांना वाटतं, यात काही जादू आहे. जादू नाही बापा. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, पण कडक उन्हात नको. वजन खरं लिहा. वस्तूला गिऱ्हाईक ज्या नावानं शोधतं ते नाव लिहा. आपण चारोळी म्हणतो, हिंदीवाला चिरौंजी शोधतो, तर दोन्ही लिहा. कोणी काही विचारलं तर लगेच उत्तर द्या, जेवण झाल्यावर बघू म्हणाल तर तोवर तो दुसऱ्याच्या दुकानात गेलेला असतो. आणि जाहिरात टाकताना ती कुठल्या गावच्या, कुठल्या वयाच्या माणसाला दिसावी ते ठरवून द्या. बस, एवढंच. हे सगळं मी शेकडो लोकांना शिकवलं. सगळं नीट करूनही एकाचा माल जातो आणि दुसऱ्याचा पडून राहतो, तो का, ते मला शिकवता आलं नाही. कारण ते मलाच माहीत नाही.

केशवभाऊंचंच बघा. मूलला त्यांची राईस मिल आहे. त्यांच्या तांदळासाठी मी अख्खा दिवस घालवून व्हिडिओ केला. मिलचे पट्टे फिरताहेत, पांढरेशुभ्र दाणे पडताहेत, मागं बासरी. तो पाहिला केशवभाऊंच्या सासुरवाडीनं आणि माझ्या साळ्यानं. पुढच्या आठवड्यात केशवभाऊंनी स्वतःच एक व्हिडिओ टाकला. मोबाईल तिरपा, अर्ध्या चित्रात त्यांचाच कान, आणि मागं एक बकरी पोत्यात तोंड घालून तांदूळ खातेय. केशवभाऊ ओरडताहेत, "हाड! हाड! कोनाची आहे बे हे?" तो व्हिडिओ नागपूरपर्यंत फिरला. लोक फोन करून "बकरीवाला तांदूळ" मागायला लागले. मी म्हटलं, चला, गुपित सापडलं. दुसऱ्या व्हिडिओत आम्ही मुद्दाम बकरी सोडली. बकरी तीच, पोतं तेच, कानही तोच. कोणी ढुंकून पाहिलं नाही. केशवभाऊ मला म्हणाले, "भाऊ, काऊन?" मी म्हटलं, "मोबाईलले बकरीची सवय झाली असन." दुसरं काय सांगणार?

चामोर्शीच्या मारोतीभाऊंनी माझं न ऐकता जाहिरातीत लिहिलं, "बांबूचे सर्व काही मिळेल." पहिलाच फोन आला तो तिरडीसाठी. मारोतीभाऊंनी शांतपणे सांगितलं, "मिळन ना, पण डिलिव्हरीले सहा दिवस लागन." पलीकडच्या माणसानं काय केलं असेल देव जाणे. मारोतीभाऊंना मात्र आजही वाटतं की ती ऑर्डर मी घालवली.

असे किस्से सांगून मी पाहुण्यांना हसवतो. एक किस्सा मात्र मी सांगत नाही. आज सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय या कामाचं काही सांगितलं असं मलाच वाटणार नाही.

हेमलकशाच्या पुढं जंगलात कोसमटोला नावाचं गाव आहे. तिथल्या अकरा बायकांचा बचतगट, आणि त्यांची पुढारी मैनाबाई. पन्नाशीची, काटक, कमी बोलणारी. जंगलातले लोक सगळ्यांनाच तू म्हणतात, साहेबालाही आणि देवालाही, तशी ती मलाही तू म्हणायची. मी तिला तुम्ही म्हणायचो. तिची मराठी अर्धी गोंडीतून यायची, पण तिला काय म्हणायचंय ते कधी कळलं नाही असं झालं नाही.

या बायका चारोळी काढत. चार नावाचं झाड असतं, त्याची करवंदासारखी काळी फळं, तीही चारंच. फळाचा गर धुऊन काढायचा, आतली बी वाळवायची, जात्यावर हलक्या हातानं भरडायची म्हणजे टणक टरफल फुटतं, आणि सुपात पाखडून आतला दाणा वेगळा करायचा. तुमच्या श्रीखंडावर चार दाणे दिसतात, त्यांच्यामागं एवढा खटाटोप असतो. हा माल वर्षानुवर्षं बाजारात व्यापारी घेई, पुढं कुठं जाई कोणाला पत्ता नसे. मैनाबाई मला म्हणाली होती, "आमी काढतो, नाव दुसऱ्याचं होते. एक डाव आमच्या नावानं जाऊ दे." त्यासाठी ती कोसमटोल्याहून मूलला आली होती, दोन गाड्या बदलून.

मी हुरूपानं कामाला लागलो. एका मोठ्या ऑनलाइन बाजारात त्यांचं दुकान उघडून दिलं. पाकिटासाठी मैनाबाईचा फोटो काढला. सूप हातात, डोक्यावरून पदर, चेहरा एकदम गंभीर. मी म्हटलं, "बाई, जरा हासा ना." ती म्हणाली, "चारोळी कुठी आहे? रिकामं सूप धरून काऊन हासू?" हिवाळा होता, चारोळी नव्हतीच. शेवटी सुपात मी तांदूळ ठेवले. फोटोत कळत नाही म्हणून.

मग मी तिला विचारलं, "नवी चारोळी कधी येते?"

"पंडुम झाल्यावर."

"पंडुम कधी असते?"

"उन्हाळ्यात."

पंडुम म्हणजे सण एवढं मला माहीत होतं. जंगलातल्या लोकांचा नियम आहे: नवं फळ, नवं फूल, नवं धान्य आधी देवाला दाखवायचं, मग तोडायचं, खायचं. विकणं तर फार पुढची गोष्ट. आंब्याचा वेगळा पंडुम, मोहाचा वेगळा, चाराचा वेगळा. हे मला आयुष्यभर त्याच मुलखात राहून ऐकून ठाऊक होतं. पण माझ्या डोक्यात सण म्हणजे कॅलेंडरवरचा सण. होळी, पोळा, तसा पंडुम. लाल अक्षरात कुठंतरी छापलेला असेलच. मी तिला तारीख विचारलीच नाही. लोक चारोळी कधी शोधतात ते मात्र मोबाईलवर बघून ठेवलं. अक्षय तृतीयेच्या आधी सगळ्यात जास्त. झालं! मी जाहिरात टाकली: "जंगलातली नवी चारोळी, मैनाबाईंच्या हातची. अक्षय तृतीयेच्या आधी घरपोच." आगाऊ मागणी चालू.

या वेळी बकरीशिवायच जाहिरात चालली. का चालली, विचारू नका. साठेक लोकांनी मागणी नोंदवली. मी सुनंदाला मोबाईल दाखवत घरभर फिरलो.

अक्षय तृतीया तोंडावर आली तेव्हा मैनाबाईला निरोप पाठवला. कोसमटोल्यात रेंज नाही. गावाबाहेर एक टेकाड आहे, तिथं एका मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं तर फोन लागतो. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"माल नाई. पंडुम नाई झाला."

"अहो बाई, मंग कधी होईल?"

"गायता सांगन." गायता म्हणजे गावाची पूजाअर्चा पाहणारा माणूस.

"तो कधी सांगन?"

"वरच्या डोंगरावरचं चार काळं झालं का सांगन. अजून हिरवं आहे."

"पण लोकाइले तारीख सांगितली ना मी!"

"तू सांगितली. झाडानं नाई सांगितली," ती म्हणाली, आणि रेंज गेली.

आता या ऑनलाइन बाजाराचा नियम असा असतो की कबूल केलेल्या तारखेला माल निघाला नाही, तर दुकान बंद. तिथं कोणी माणूस नसतो ज्याच्यापुढं हात जोडावेत. मोबाईलवर लाल पट्टी येते, दिवसागणिक जास्त लाल होत जाते. मी ती पट्टी बघत बसलो. मैनाबाई दोन गाड्या बदलून ज्यासाठी आली होती, ते तिचं नाव माझ्या एका ओळीपायी पुसलं जाणार होतं. निदान तेव्हा मी स्वतःला असंच सांगितलं. माझंही नाव जाणार होतं, ते मी स्वतःला सांगितलं नाही.

मी एका ठोक दुकानात गेलो आणि चारोळी घेऊन आलो. जुनी होती, पण स्वच्छ, एकसारखी, चमकदार. घरी आणून पाकिटांत भरायला बसलो. पाकिटावर मैनाबाई सूप धरून गंभीर.

सुनंदानं विचारलं, "हे मैनाबाईची नाई ना?"

"चारोळी ते चारोळीच. जंगलातूनच येते सारी."

"मंग पाकिटावर तुमचा फोटू लावा ना," ती म्हणाली, आणि उठून गेली. पाकिटं मी एकट्यानं भरली.

माल वेळेवर पोचला. आणि काय सांगू तुम्हाला, तक्रार एकही नाही! उलट पाच-पाच चांदण्या. एकीनं लिहिलं, "खरी जंगलाची चव. दुकानातल्या चारोळीला ही सर नाही." दुसरी म्हणाली, "मैनाताईंच्या हातांना नमस्कार." मी ते वाचत होतो आणि मला कळत नव्हतं, खूश व्हावं की तोंड लपवावं. शेवटी खूश व्हायचं ठरवलं. सगळे अभिप्राय कागदावर छापून घेतले, एक पाकीट पिशवीत टाकलं आणि एसटीत बसलो. गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, आणि पुढं जंगलच जंगल. बायकांना वाचून दाखवू, त्या हरखतील, मग माल कुठला होता ते हळूच सांगू, असा बेत होता.

हेमलकशाला उतरलो. एरवी गावातलं कोणी मोटरसायकल घेऊन येई, त्या दिवशी कोणी नव्हतं. एका ट्रॅक्टरवर बसून गेलो. गावात शिरलो तर लोक बघताहेत, पण बोलत कोणी नाही. मैनाबाई अंगणात बसली होती. तिनं पाण्याचा गडवा पुढं केला, म्हणून मी धीर धरून कागद काढला आणि वाचायला लागलो. खरी जंगलाची चव. मैनाताईंच्या हातांना नमस्कार.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पन आमचं तं झाडावरच आहे."

मी पाकीट काढलं. तिनं ते फोडलं, दोन दाणे तोंडात टाकले, चावले आणि बाजूला थुंकले. मग पाकिटावर बोट ठेवून विचारलं, "हे कोन?"

"तुम्ही."

"खोटं बोलाचं होतं तं तुया तोंडानं बोलाचं होतं," ती म्हणाली. "माझ्या तोंडानं काऊन बोल्ला?"

मान खाली घालून बसलो. मग तिनं सगळं सांगितलं. गावातली एक मुलगी नागपूरला नर्सिंग शिकत होती. तिला मोबाईलवर माझी जाहिरात दिसली. मैनाबाईचा फोटो, आणि खाली "नवी चारोळी, अक्षय तृतीयेच्या आधी घरपोच". घरच्यांनी टेकाडावरून फोन केला तेव्हा तिनं सांगितलं, बातमी गावभर झाली. मैनाबाईनं पंडुमच्या आधी चारोळी विकली! चार काळं व्हायच्या आधी ओरबाडलं तर दाणा पोचट निघतो, फांद्या मोडतात, पुढच्या साली झाड रुसतं. आणि देवाच्या आधी माणसानं खाल्लं म्हणून गावावर काय येईल ते वेगळंच. गावाची बैठक झाली होती. मैनाबाईनं त्या साली पंडुमला यायचं नाही, असं ठरलं होतं.

"तुम्ही सांगितलं नाई का, मी विकलीच नाई म्हणून?"

"सांगितलं ना. मी नाई म्हणते, फोटू हाव म्हणते. लोक फोटूले मानते."

चाळीस वर्षं फोटो काढतोय मी. लोक फोटूला मानतात म्हणूनच माझं पोट भरलं. त्या अंगणात बसून मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

दुपारनंतर गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागेत, लोक जमले. मैनाबाई बाहेरच्या बाजूला एकटी बसली होती. मी उभा राहिलो. आता गंमत बघा. तिला सोडवायचा एकच मार्ग होता, मी लबाडी केली हे सिद्ध करणं. मी जेवढा खोटा, तेवढी ती खरी. मी लोकांना पटवायला गेलो की मी साठ गिऱ्हाइकांना फसवलं, आणि लोक पटवून घ्यायला तयार नव्हते! एक जण म्हणाला, "तू तिले वाचवाले बोलून राह्यला." मी म्हटलं, "नाई हो, मी खरंच फसवलं, शपथ!" असं काकुळतीला येऊन कोणी कधी गुन्हा कबूल केला नसेल.

शेवटी गायत्यानं हात पुढं केला. म्हातारा, दात मोजके. मी फोडलेलं पाकीट दिलं. त्यानं दोन दाणे घेतले आणि डोळे मिटून चावत राहिला. इतका वेळ, की मला वाटलं झोप लागली.

"जुनी आहे," तो म्हणाला. "दोन उन्हाळे पाह्यलेली. आमची नाई."

लोक हलले, कुजबुजले. गायता मला म्हणाला, "म्हणजे तू आमाले नाई फसवलं. शहराले फसवलं."

"हाव."

"मंग शहरातले लोक काय म्हणले?"

"खूप चांगली आहे म्हणाले."

मग गायता हसायला लागला, आणि मग अख्खं गोटुल. पोट धरधरून हसले. मला एका कोंबड्याचा दंड झाला, पंडुमच्या दिवशी आणायचा. मैनाबाईला आत बोलावून बायकांच्या मध्ये बसवलं. हसली नाही ती एकटीच.

बैठक मोडल्यावर ती मला टेकाडावर घेऊन गेली, त्या मोहाखाली. "आता त्याइले सांग," म्हणाली.

मी समजावलं. या धंद्यात असं लिहीत नसतात. चुकलं तर "काही अडचणीमुळे" असं लिहायचं असतं. खरं लिहिलं तर दुकान जाईल.

"दुकान तुयं का माझं?"

"तुमचं."

"मंग जाऊ दे."

ती सांगत गेली आणि मी मोबाईलवर लिहीत गेलो. "पाकिटावर फोटू माझा होता, माल माझा नव्हता. माझी चारोळी अजून झाडावर आहे. पंडुम झाल्यावर तुमाले पाठवते." सगळ्यांना गेलं. रेंज येत-जात होती, म्हणून ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो. चार दिवसांत दुकान बंद झालं. नियमाप्रमाणं बरोबरच होतं ते.

पंडुम त्यानंतर दोन आठवड्यांनी झाला. माझा कोंबडा मी निरोप्याबरोबर पाठवला, स्वतः जायचं तोंड नव्हतं. बायकांनी चारोळी काढली आणि त्या साठही पत्त्यांवर फुकट पाठवली. पाकिटावर फोटो नको, असं मैनाबाईचं सांगणं होतं. फोटोच्या जागी नुसतं पांढरं वर्तुळ राहिलं.

मला वाटलं, आता तरी लोक म्हणतील, वा! गोष्टीत असंच होतं ना? कसलं काय! बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. दोघांनी शिव्या दिल्या, त्या रास्त होत्या. एका गृहस्थांनी लिहिलं, "पहिली चारोळी जास्त चांगली होती. हिच्यात टरफलं आहेत." जुनी, खोटी, चकचकीत ती चांगली. आणि जात्यावरची ताजी, तिच्यात टरफलं. मी फोनवर मैनाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यानं खाल्ली तं सही. पुढच्या डावाले आमी नीट पाखडतो."

फक्त नाशिककडच्या एका आजींचा फोन आला. "बाळा, ते पंडुम म्हणजे काय रे?" मी सांगितलं. म्हणाल्या, "मग यंदा किती तारखेला?" मी सांगितलं, तारीख नसते, झाडाला विचारावं लागतं. त्या म्हणाल्या, "बरं, झाडानं सांगितलं की मला सांग." तेव्हापासून चैत्र लागला की त्यांचा फोन येतो. मी दरवेळी सांगतो, अजून नाही. मग त्यांनी बहिणीला सांगितलं, बहिणीनं भिशीतल्या बायकांना. आता पंचवीसेक घरं आहेत, ज्यांना चारोळी केव्हा मिळेल ते माहीत नसतं आणि तरी ती वाट बघतात. जाहिरात नाही, चांदण्या नाहीत, ऑनलाइन दुकान नाही. याला मार्केटिंग म्हणतात का, मला खरंच कळत नाही. शिकवायला गेलो तर लोक हसतील.

पुढच्या वर्षी मैनाबाईचा निरोप आला, "ये. कोंबडा नोको आनू." मी गेलो. मोबाईल खिशातून काढायचा नाही असं ठरवून गेलो होतो. गायत्यानं झाडाखाली पूजा केली, देवाला दाखवलं, मग एकेकाच्या हातावर चारं ठेवत आला. माझ्याही हातावर ठेवली, काळीभोर, चार-पाच. गोड, जराशी आंबट. आयुष्यभर त्या मुलखात राहून मी ती पहिल्यांदाच खात होतो. बी थुंकायची का गिळायची तेही कळेना, म्हणून तोंडात तशीच धरून उभा राहिलो. माझं ते फुगलेलं तोंड बघून मैनाबाई एकदम खळखळून हसली. तिच्या सुपात चारं होती, काठोकाठ.

"आता काढ फोटू," ती म्हणाली.

बोटं रसानं चिकट, मोबाईल निसटतोय, डोळ्यांत पाणी. फोटो हलला. तोच आज पाकिटावर आहे. सूप अर्धं कापलंय, चेहरा अंधुक, सुनंदा म्हणते स्टुडिओवाल्याला शोभत नाही. मी सगळ्यांना शिकवत आलो की फोटो स्वच्छ पाहिजे, म्हणून मैनाबाईला तीनदा विचारलं, दुसरा काढू का? तिचं उत्तर एकच.

"राहू दे. त्यात मी खरीच हासून राह्यली."